मॉडेल विमानातील एफएम रिसीव्हर

दूरनियंत्रित मॉडेल विमानाच्या धडात बसवलेला, जमिनीवरील ट्रान्समीटरचे संकेत झेलून ते सर्व्हो मोटरींना वाटून देणारा छोटा रेडिओग्राही. अमेरिकेत अशा विमानांसाठी ७२.०१ ते ७२.९९ मेगाहर्ट्झ हा पट्टा राखून त्यात २० किलोहर्ट्झ अंतराने ५० चॅनेल आखले गेले. ब्रिटनमध्ये ३५ मेगाहर्ट्झचा पट्टा रूढ झाला.

एफएम म्हटले की गाणी आठवतात, पण येथे ध्वनी नसतो. ट्रान्समीटर आपली कंप्रता किंचित वरखाली सरकवून स्पंदांची माळ पाठवतो. ट्रान्समीटरवरील प्रत्येक दांडीची स्थिती सुमारे १ ते २ मिलिसेकंदांच्या अवधीत सांगितली जाते, १.५ म्हणजे मध्य. ही माळ सुमारे २० मिलिसेकंदांनी पुन्हा येते. दोन माळांमधला लांब विराम ओळखून रिसीव्हर नव्याने मोजणी सुरू करतो आणि पहिला स्पंद पहिल्या सर्व्होला, दुसरा दुसऱ्याला देतो.

रिसीव्हरमधील क्रिस्टल आलेली कंप्रता ४५५ किलोहर्ट्झवर उतरवतो. यात एक खोच आहे: याच्या दुप्पट, म्हणजे ९१० किलोहर्ट्झ दूरचा ट्रान्समीटरही तेवढाच स्पष्ट ऐकू येतो, आणि तो याच पट्ट्यात असू शकतो. म्हणून आधी १०.७ मेगाहर्ट्झवर आणणारे दुहेरी रूपांतराचे रिसीव्हर आले.

एकाच चॅनेलवर दोघांनी ट्रान्समीटर लावला, तर विमान हमखास कोसळे. त्यामुळे क्लबच्या मैदानावर फळीवरची चॅनेलची खूणचिमटी घेतल्याशिवाय ट्रान्समीटर चालू करायचा नाही, असा दंडक असे. २.४ गिगाहर्ट्झच्या संचांनी ही गरज संपवली.