परगावी दूध-तुपाविना जेवण : रेणापूर-लातूरच्या खाणावळीत काय मागावे?

रेणापूर : मांस, मासे, अंडी यांच्याबरोबरच दूध, दही, तूप आणि मधही वर्ज्य मानणाऱ्या आहाराला 'व्हिगन' आहार म्हणतात. इंग्लंडमध्ये १९४४ साली 'व्हिगन सोसायटी' स्थापन झाली, तेव्हा हा शब्द प्रचारात आला. कोणी प्राण्यांविषयीच्या करुणेपोटी हा आहार स्वीकारतो, तर कोणाला दूध पचत नाही किंवा त्याची ॲलर्जी असते. पुण्या-मुंबईत अशा मंडळींसाठी स्वतंत्र उपाहारगृहे निघाली आहेत. रेणुकादेवीच्या दर्शनासाठी किंवा कामानिमित्त लातूरहून सुमारे २० किलोमीटरवरील रेणापूरला येणाऱ्याने मात्र तशी पाटी शोधत हिंडू नये. त्याला चालणारे बरेचसे जेवण साध्या खाणावळीत रोजच रांधले जाते. ते कसे मागावे, हे ठाऊक असले म्हणजे झाले.

'शुद्ध शाकाहारी'चा अर्थ

पहिली गफलत होते ती पाटी वाचताना. 'शुद्ध शाकाहारी' या शब्दांत दूधदुभते गृहीत असते. पाकिटावरचा हिरवा ठिपकाही दूध आणि मध असलेल्या पदार्थांना मिळतो. व्हिगन पदार्थांसाठी केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये स्वतंत्र नियम केले आणि वेगळे बोधचिन्ह ठरविले. मात्र हे चिन्ह पाकिटावर दिसते. खाणावळीच्या ताटावर ते शोधून उपयोग नाही. तेथे विचारण्याला पर्याय नाही.

ताटात काय चालते

मराठवाड्याचे रोजचे जेवण ज्वारी, डाळी आणि तेलबियांवर उभे आहे. ज्वारीची भाकरी गरम पाणी आणि पिठाचीच असते. तिच्याबरोबर पिठले, आंबट वरण, अंबाडीची भाजी, वांग्याचे भरीत, ठेचा आणि शेंगदाणे, कारळे किंवा जवसाची चटणी मिळाली, तर दुधाच्या थेंबाशिवाय पोटभर जेवण होते. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे आणि न्याहारीला चुरमुऱ्यांचा सुशीला हेही याच वर्गातले. २०२४ मध्ये लातूर जिल्ह्यातील बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर यांना भौगोलिक मानांकन मिळाले. या तिघींना तेलाची फोडणी बसली की आमटी तयार!

दूध-तूप कोठे लपते

हॉटेलातील पनीर टाळणे सोपे असते. अडचण होते ती न दिसणाऱ्या दुधाची. काजू करीसारख्या दाट रश्शांत साय किंवा खवा असू शकतो. नानच्या पिठात दही असते, तर तंदुरी रोटीला वरून लोणी लावले जाते. पोळीला तेल लावले की तूप, हे विचारून घ्यावे. धपाट्याचे पीठ अनेकदा दह्यात किंवा ताकात भिजवतात. उपवासाच्या साबुदाणा खिचडीला बहुधा तुपाची फोडणी असते. पुरणपोळीतले पुरण चालते, पण तिच्यावर न विचारता तुपाची धार धरली जाते. 'डालडा' म्हणजे वनस्पती तूप हे मात्र तेलापासून बनते. म्हणून 'तूप आहे' असे उत्तर आले, तर कोणते, हेही विचारावे.

वेळ अमावास्येचे ताट

लातूर-धाराशिव भागात मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, 'वेळ अमावास्या' शेतात साजरी होते. पाहुण्यालाही आग्रहाने शिवारात नेले जाते. त्या दिवशीची भज्जी म्हणजे पालेभाज्या, ओले दाणे, चिंच आणि बेसन यांचा एकत्र शिजवलेला पदार्थ. ती निःशंक खावी. शेजारच्या मडक्यातील आंबील मात्र ज्वारीच्या पिठाची असली तरी ताकात केलेली असते. एकाच पंगतीत, एकाच धान्याच्या भाकरीला होकार आणि आंबिलीला नकार द्यावा लागतो, तो यामुळे.

कसे विचारावे

'मी व्हिगन आहे' या वाक्याने बहुतेक ठिकाणी उलगडा होत नाही. 'दूध, दही, ताक, लोणी, तूप काहीच चालत नाही' असे एकेक नाव घेऊन सांगावे. 'पथ्य आहे' म्हटले तर कोणालाही लगेच समजते आणि आग्रहही थांबतो. हे ताट वाढण्यापूर्वी सांगणे महत्त्वाचे. पाहुण्याच्या भातावर तूप वाढणे हा येथे आदराचा भाग आहे. वाढलेले ताट परत करणे हा अन्नाचा आणि वाढणाऱ्याचा अवमान ठरतो. संध्याकाळचे जेवण सकाळीच सांगून ठेवल्यास फोडणी तेलात घालून मिळते. चहाऐवजी कोरा चहा मागावा. दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तवा, पळी आणि तळणीचे तेल वेगळे आहे का, याचीही चौकशी करावी. त्यांच्यासाठी चमचाभर तूपही धोक्याचे ठरू शकते.

विशेष म्हणजे, लातूरची बाजारपेठ सोयाबीनसाठी राज्यात ओळखली जाते. सोयाबीनपासून दूध आणि पनीरसारखा टोफू तयार होतो. परंतु ज्या शिवारात हे पीक डोलते, तेथील हॉटेलांच्या दरपत्रकात हे पदार्थ क्वचितच दिसतात. दरपत्रकावर ठळक अक्षरांत असते ते पनीर. भाकरी-पिठले एखाद्या कोपऱ्यात असते किंवा नसतेही. अशा वेळी पाहुण्याने भाकरीच मागावी. मागणी राहिली, तर खाणावळीतला तवाही तापता राहील.