सोळा खणांचा लेहरा

चरणजीत सिंग हे नाव ज्यांना माहीत असतं, त्यांना ते बहुतेक एकाच गोष्टीमुळे माहीत असतं: शिकागोच्या पोरांनी ॲसिड हाउस शोधून काढलं, त्याच्या पाच वर्षं आधी मुंबईत एका माणसानं ते वाजवून ठेवलं होतं. गोष्ट झकास आहे. 'आधी आम्हीच' म्हणायची आपली हौसही दांडगी. पण तिच्यात एक घोळ आहे. सिंग ॲसिड हाउस वाजवत नव्हते. ते ललत, तोडी, यमन, मालकंस वाजवत होते.

सिंग हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बेस, गिटार आणि कीबोर्ड वाजवणारे वादक. पडद्यावर नाव नाही, पण गाण्यात हात आहे, अशा शेकडो वादकांपैकी एक. नवं वाद्य दिसलं की घ्यायचं, ही त्यांची सवय. सिंगापूरहून त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं आणली: टीआर-८०८ हे ड्रम मशीन, टीबी-३०३ हे बेस मशीन आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. १९८२ साली या तिघांवर त्यांनी दहा रागांची एक रेकॉर्ड केली. नाव सरळसोट: 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. सिनेमात तेव्हा डिस्कोचा सुकाळ होता. तोच ठेका ठेवू, तबला काढून टाकू आणि वर राग वाजवू, एवढाच विचार होता, असं त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितलं. रेकॉर्ड चालली नाही.

ज्याला आज ग्रूव्हबॉक्स म्हणतात, ते एकाच डब्यात बसवलेलं ड्रम, बेस आणि सिक्वेन्सर. हा शब्द रोलँडनं १९९६ साली एमसी-३०३ या यंत्रासाठी रूढ केला. सिंग यांच्याकडे तोच ग्रूव्हबॉक्स सुट्या भागांत होता. ८०८ आणि ३०३ एका केबलनं जोडली की दोघांची लय एक होते. दोन्हींच्या गाभ्यात एकच कल्पना: सोळा खण. प्रत्येक खणात एक ठोका किंवा एक स्वर ठेवायचा, नाहीतर तो रिकामा सोडायचा. सोळावा संपला की पुन्हा पहिला.

३०३ नाचासाठी बनलंच नव्हतं. एकट्या गिटारवाल्याला सरावाला बेसची साथ मिळावी, म्हणून रोलँडच्या तादाओ किकुमोतो यांनी ते घडवलं. म्हणजे ते रियाजाचं यंत्र! आवाज खऱ्या बेससारखा नव्हता, स्वर भरायची पद्धत किचकट होती, म्हणून १९८४ मध्ये ते बंद पडलं. मग शिकागोत ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलं. तिथल्या फ्यूचर या त्रिकुटानं १९८७ साली 'ॲसिड ट्रॅक्स' काढलं. त्यात धून जवळपास नाहीच. एकच ओळ फिरत राहते आणि फिल्टरची बटणं पिळून तिचा रंग बदलत राहतो.

सिंग यांचं लक्ष बटणांपेक्षा स्वरांवर होतं. खाली ३०३ची फिरती ओळ, तिच्याखाली ८०८चा ठेका, आणि वर ज्युपिटर-८वर हातानं वाजवलेला राग. ही मांडणी कुठून आली? शिकागोकडे बघायची गरज नाही. तबल्याचं एकलवादन किंवा कथक आठवा. बाजूला बसलेला पेटीवाला किंवा सारंगीवाला एकच छोटी धून पुन्हापुन्हा वाजवत असतो. आवर्तनाएवढी लांब, बहुतेक वेळा सोळा मात्रांची. तिला लेहरा म्हणतात. तिचं काम रंजन नाही, मोजणी. तिच्या भरवशावर दुसरा कलाकार मोकळा सुटतो. सिक्वेन्सर नेमकं हेच करतो. सिंग यांनी यंत्राला लेहऱ्याला बसवलं आणि स्वतः मोकळे झाले.

३०३मध्ये आणखी एक सोय आहे: स्लाइड. एखाद्या खणावर ती लावली की आवाज तुटत नाही, पुढच्या स्वरावर घसरत जातो. आपल्या कानाला ती मींड वाटते. अस्सल मींड नव्हे, कारण घसरण्याचा वेग प्रत्येक वेळी तोच. पण पेटीला तर तेवढंही जमत नाही.

तोटाही आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. यंत्राचे सोळा खण म्हणजे तीनतालाच्या सोळा मात्रा नव्हेत. डिस्कोच्या लयीत ते साधारण दोन सेकंदांत संपतात. तीनतालात नवव्या मात्रेला खाली येते, पुढे बायाचा घुमारा काही मात्रा गळतो, आणि त्या पोकळीमुळे सम जवळ आल्याचं कळतं. डिस्कोत चारही ठोके सारखेच जड. सम येते, पण वाट बघायला लावत नाही.

हे मला वाचून नाही, करून कळलं. ३०३ची नक्कल करणारी ॲप्स फोनवर मिळतात. मी एकात ललतचे स्वर भरले. दोन्ही मध्यम शेजारी, त्यांच्यात स्लाइड. पहिल्या फेरीला अंगावर काटा आला. विसाव्या फेरीला तो अलार्म वाटू लागला. कुठे थांबायचं, काय राखून ठेवायचं, हे ठरवायला कुणी नव्हतंच. मग खणांत षड्ज आणि एखाददुसरा स्वर ठेवला आणि बाकी हातानं वाजवलं. वाजवणं यथातथाच होतं, पण आता ते ऐकवत होतं.

यंत्राला राग येत नाही, हा आक्षेप आपल्याकडे जुना आहे. हार्मोनियम परदेशातून आली, तिच्या पट्ट्या पक्क्या, मींड नाही, श्रुती नाहीत. म्हणून १९४० साली आकाशवाणीनं तिला बाहेर काढलं, ती १९७१ पर्यंत. पण त्याच्या कितीतरी आधी, १९११ साली, 'मानापमान'ला संगीत देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामवंत पेटीवादक होते. बंदी उठायची वाट न बघता मराठी नाट्यसंगीतानं पेटी आपली करून टाकली होती. आज रियाजाच्या खोलीत इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि तबला मशीन असतं. त्याला कुणी डान्स म्युझिक म्हणत नाही.

सिंग यांची रेकॉर्ड एदो बाउमन या डच संग्राहकानं २०१० साली पुन्हा काढली. त्यानंतर उतारवयात सिंग युरोपात मंचावर वाजवायला गेले. २०१५ साली मुंबईत त्यांचं निधन झालं. जगानं त्यांना उशिरा का होईना मान दिला, हे खरंच. पण 'ॲसिडचा जनक' म्हटलं की ते दुसऱ्याच्या इतिहासातली एक तळटीप होतात, चुकून आधी आलेले पाहुणे. लेहऱ्याच्या बाजूनं ऐकलं तर ते आपल्याच परंपरेत बसतात: बाहेरून आलेली पेटी उघडायची, तिला काय येत नाही ते तपासायचं, आणि तेवढं आपल्या हातानं भरून काढायचं.

आज रात्री हेडफोन लावून त्यांचा मालकंस ऐका. पहिलं मिनिट ठेका ऐका. मग तो सोडून द्या आणि त्यांचा हात ऐका.