वलगणीची रात्र

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की आमच्या पनवेलकडच्या गावांत रात्री कुणी झोपत नसे. बत्ती, कोयता, पाग घेऊन सगळे शेतावर. वलगण चढली! गाढीचे मळे, शिवडे, मरळ गाबोळीने भरलेले असायचे आणि ओढ्यातून उलटे चढत भातखाचरांत यायचे. लेक बाळंतपणाला माहेरी येते ना, तसेच. उथळ, कोमट पाण्यात अंडी सुरक्षित राहतात, पिल्लांना खायला मिळतं, मग पाण्याबरोबर ती नदीत उतरतात.

ते माहेर कसं गेलं, ते सांगतो. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं. खाचरांवर भराव पडला, ओढ्यांची काँक्रीटची गटारं झाली. सरळ भिंतीवरून मासा चढणार कसा? पुढे विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाहच वळवला.

तळोज्याच्या कारखान्यांमधून वाहणाऱ्या कासाडीचं दुखणं वेगळं. ऑगस्ट २०१७ मध्ये तिथली कुत्री निळी झाली, तेव्हा जगभर बातमी झाली. कोळी बांधव मासळी गेल्याचं त्याआधीपासून सांगत होते, पण पाण्याखालचं मरण कुणाला दिसतं? नंतर प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलं.

त्यात परके मासे आले. १९५२ मध्ये देशात आणलेली चिलापी घाण पाण्यातही तगते. आफ्रिकन मांगूर तर आपल्या माशांनाच खातो. त्याच्या पैदाशीवर २००० सालीच केंद्राने बंदी घातली, तरी बाजारात तो दिसतोच.

आता आमचंही बोलायला हवं. खाचरं मैलभर पसरलेली होती, तेव्हा गावाने चार टोपल्या मासे धरले तरी बाकीचे अंडी घालून जात. आज खाचरं उरली थोडी आणि बॅटऱ्या झाल्या शंभर. एक गाभण मासळी धरली की हजारो अंडी कढईत जातात. समुद्रातल्या यांत्रिक होड्या १ जून ते ३१ जुलै बंद असतात, ते आपल्याला पटतं. वलगणीला मात्र आपण सण म्हणतो!

यंदा आमच्या गटातल्या काही घरांनी पहिल्या चढणीला पाग बाहेर काढायचा नाही, असं ठरवलंय. घरातली माणसं हसतात. सासूबाई म्हणाल्या, “तुम्ही नाही धरलेत तर शेजारचे धरतील.” म्हणून आज रेडिओवर आलो आहोत, शेजारच्यांनीही ऐकावं म्हणून.