फडापासून राजधानीपर्यंत : लोककलेच्या प्रवासात हरवलेला शब्द

लोककला ही मातीत रुजलेली असते आणि ती मातीतून उपटून दूर नेली की कोमेजते, असे विधान नेहमी केले जाते. तमाशाच्या बाबतीत तरी हे विधान इतिहासाला धरून नाही. तमाशा हा मुळातच फिरता आहे. विजयादशमीच्या सुमारास फड बाहेर पडतो, गावोगावच्या जत्रा करीत वैशाखापर्यंत हिंडतो आणि पावसाळा आला म्हणजे घरी परततो. चैत्राच्या सुमारास नारायणगावी राहुट्या पडतात, गावोगावचे पुढारी तेथे येतात आणि सुपाऱ्या ठरतात. तेव्हा प्रवासाने ही कला बिघडते असे म्हणता येत नाही; प्रवास हाच तिचा संसार आहे. प्रश्न आहे तो वेगळाच. फड ज्या गावी जाई त्या गावची भाषा त्याचीच होती. विसाव्या शतकाच्या मध्यावर लोककलेने जो नवा प्रवास आरंभिला, त्यात ही भाषेची सोबत प्रथमच सुटली.

त्या प्रवासाचा आरंभबिंदू निश्चित सांगता येतो. १९५३ च्या प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने दिल्लीत लोकनृत्यांचा महोत्सव सुरू झाला आणि त्याच आठवड्यात, २८ जानेवारी रोजी, संगीत नाटक अकादमीचे उद्घाटन झाले. त्यापूर्वी अवघी पाच वर्षे, १९४८ च्या सुमारास, मुंबई राज्यात तमाशावर निर्बंध आले होते आणि त्याच्या शुद्धीकरणाची चर्चा चालू होती. एकीकडे अश्लीलतेच्या आरोपाखाली उभी असलेली ग्रामीण कला, आणि दुसरीकडे राष्ट्राच्या एकात्मतेची साक्ष म्हणून राजधानीत पाचारण झालेली ग्रामीण कला, ही दोन दृश्ये इतकी निकट आहेत की, त्यांतला संबंध नजरेआड करता येत नाही. जी कला बोलते तिच्याविषयी शासनाला धास्ती होती. जी नाचते तिचे त्याला कौतुक होते.

हे कौतुक करणारा प्रेक्षक कोण होता, हेही पाहण्याजोगे आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत दक्षिण दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरवर्गासाठी वसाहती उभ्या राहिल्या. त्यांपैकी एक विनय नगर. तिलाच पुढे सरोजिनी नगर हे नाव मिळाले. निरनिराळ्या प्रांतांतून आलेली, निरनिराळ्या भाषा बोलणारी कारकून मंडळी येथे भिंतीला भिंत लावून राहू लागली. घरात मातृभाषा, कचेरीत इंग्रजी आणि बाजारात हिंदी, अशी त्यांच्या दिवसाची विभागणी. 'राष्ट्रीय प्रेक्षक' हा शब्द एरवी हवेतला वाटतो. परंतु तो कोठे मूर्त झाला असेल, तर अशा वसाहतींत. या प्रेक्षकापुढे लोककला न्यायची तर तिच्यातले काय न्यावे, हा प्रश्न आयोजकांपुढे होता आणि त्यांनी दिलेले उत्तर सोपे होते : ज्याला भाषा लागत नाही ते न्यावे.

या निवडीचे परिणाम महाराष्ट्राच्या बाबतीत फार स्पष्ट दिसतात. लेझीम दिल्लीला चांगली मानवली. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनाला सांगलीकडील सुमारे ४०० खेळाडूंनी लेझमीचा जो खेळ केला, त्याला दुभाष्याची गरज पडली नाही. तालमीतून आलेली ती शिस्त, हलगीचा तो ठेका कोणालाही कळतो. कोळीनृत्याचेही तसेच. परंतु गण, गौळण, बतावणी आणि वग या क्रमाने रात्रभर चढत जाणाऱ्या तमाशाचे काय? त्याचा प्राण सोंगाड्याच्या जिभेवर असतो. मावशीने कृष्णाला अडवून केलेला वाद, सरदाराच्या आज्ञेचा सोंगाड्याने मुद्दाम केलेला विपरीत अर्थ, गावच्या पाटलाला जाता जाता मारलेली कोपरखळी, यांतले काहीही मिनिटांच्या हिशेबात बसत नाही. मग उरते ती घुंगरांची लय आणि नऊवारीचा रंग. ढोलकी दिल्लीला पोहोचली. बतावणी मागे राहिली.

लावणीची गत याहून सूक्ष्म आहे. बैठकीच्या लावणीत गाणारी बसूनच एक ओळ पुन्हा पुन्हा घेते आणि प्रत्येक वेळी चेहऱ्याने व हातांनी तिचा निराळा अर्थ उलगडून दाखवते. यमुनाबाई वाईकर यांची थोरवी या उलगड्यात होती. येथे अभिनय शब्दाला चिकटलेला असतो. शब्द कळला नाही तर अदाही अर्धीच कळते. महोत्सवांच्या व्यासपीठावर लावणी गेली ती मात्र उभी राहून, वेग वाढवून आणि पदे कमी करून. अर्थाची जागा गतीने घेतली, आणि हळूहळू महाराष्ट्रातल्या प्रेक्षकालाही तीच लावणी खरी वाटू लागली. परक्यासाठी केलेला संक्षेप घरी परत येऊन मूळ संहितेच्या जागी बसला. भाषांतराच्या इतिहासात असे प्रकार घडतात. लोककलेतही तेच घडले.

या महोत्सवांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मात्र दुर्लक्षिण्याजोगे नाही. गावकुसाबाहेर ठेवल्या गेलेल्या समाजांतील कलावंतांना राजधानीने प्रतिष्ठा दिली. दादू इंदुरीकरांना १९७३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. यमुनाबाईंना २०१२ साली पद्मश्री मिळाली. ही प्रतिष्ठा खरीच, आणि ती उशिराच आली. तथापि तिच्यात एक विसंगती आहे. इंदुरीकर थोर होते ते 'गाढवाचं लग्न' या वगातील आपल्या हजरजबाबीपणामुळे. ज्या वाणीचा गौरव राजधानीने केला, त्या वाणीला आपल्या राष्ट्रीय सोहळ्यांत जागा देणे तिला जमले नाही. १९८६ च्या नोव्हेंबरात दिल्लीत 'अपना उत्सव' झाला, तेव्हा कलापथके शहरात ठिकठिकाणी नेण्यात आली. लोककला लोकवस्तीत नेण्याची ती कल्पना चांगली होती. पण कार्यक्रमाची घडण तुकड्यांचीच राहिली.

परभाषी प्रेक्षकापुढे शब्द टिकत नाही, हा जो मूळ समज, तो तरी कितपत खरा? हबीब तन्वीर यांनी छत्तीसगढी कलावंतांना त्यांच्याच बोलीत दिल्लीच्या रंगभूमीवर उभे केले. १९७५ चे 'चरनदास चोर' हे अखंड नाटक होते, वेचा नव्हे. आणि ते दिल्लीने तर पाहिलेच, १९८२ साली एडिंबरोनेही पाहून गौरविले. मराठीतील उदाहरणही आहे. वसंत सबनिसांचे 'विच्छा माझी पुरी करा' हे १९६५ चे लोकनाट्य 'सैंया भये कोतवाल' होऊन हिंदीत गेले आणि तेथे रमले. त्यात लावण्यांचे रूप बदलले असेल, काही कोट्या गळाल्या असतील; पण राजाला हसण्याची जी तमाशाची वृत्ती, ती शाबूत राहिली. भाषांतरात शब्द बदलतात आणि वृत्ती वाचते. महोत्सवात वेष वाचला आणि वृत्ती गेली.

किंबहुना परभाषेशी बोलण्याची सोय तमाशाने आपल्या घडणीतच करून ठेवली आहे. सोलापूरच्या रामजोशींनी एकाच लावणीत अनेक भाषा गुंफल्या, कारण त्यांच्यापुढचा समाजच बहुभाषी होता. सोंगाड्याचे काम तर प्रेक्षकाच्या वतीने प्रश्न विचारण्याचे. तो अज्ञानाचे सोंग घेतो आणि सरदाराला उलगडा करावयास लावतो. हाच सोंगाडी मोडक्या हिंदीत प्रश्न विचारू लागला, तर कारकुनांच्या वसाहतीतील तमिळ आणि बंगाली शेजाऱ्याला वगाचा धागा सापडणे अशक्य नाही. त्यासाठी दुभाषा बाहेरून आणावा लागत नाही. लागतो तो वेळ. आणि नेमका तोच दिला जात नाही.

ज्या कवयित्रीचे नाव या वसाहतीला दिले गेले, तिच्या १९०५ च्या पहिल्या प्रसिद्ध संग्रहात लोकगीतांचा एक स्वतंत्र विभाग होता. पालखीचे भोई, विणकर, कोळी यांची गाणी तिने इंग्रजीत रचली. त्या गाण्यांत माधुर्य आहे, पण भोयाच्या खांद्याचा वळ नाही. सरोजिनी नगरपासून जवळच १९९४ साली 'दिल्ली हाट' सुरू झाले. तेथे प्रांतोप्रांतीचे कारागीर पाळीपाळीने येतात, पथके उघड्यावर वाजवतात, नाचतात, आणि खरेदीला आलेली माणसे क्षणभर थबकून पुढे जातात. २०१६ साली मंजूर झालेल्या पुनर्विकासात वसाहतीची जुनी निवासस्थानेही पाडली जाऊ लागली. अनेक भाषांचा तो शेजार विखुरला. त्या शेजाराला लोककलेची झलक वर्षानुवर्षे मिळाली, तिचे बोलणे मात्र क्वचितच ऐकू आले. कलेचा पाहुणचार करायचा तर तिला आधी बोलू द्यावे लागते. राजधानीने तिला नाचावयास सांगितले आणि टाळ्या वाजवल्या. तिला काय म्हणायचे आहे हे विचारणे अद्याप बाकी आहे.