बीपी उतरवायचा असेल तर मिठाच्या पुड्यावर तारीख लिहा

मीठ एकदम तोडू नका, हळूहळू कमी करा. गोळी मात्र मनाने बंद करू नका

प्रतिनिधी : गेल्या वर्षी गावातल्या तपासणी शिबिरात आमच्या वडिलांचा बीपी 160/100 निघाला. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, रोज शेतात जाणं चालू होतं. वाढलेला बीपी बऱ्याच जणांना काहीच त्रास देत नाही. लकवा मारला किंवा हृदयविकाराचा झटका आला की मगच कळतो.

डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि मीठ कमी करायला सांगितलं. आईने दुसऱ्याच दिवशी आमटी पार अळणी केली. तीन दिवस वडील अर्धपोटी उठले, चौथ्या दिवशी लोणच्याची बरणी ताटाजवळ आली. आमटीतलं मीठ गेलं आणि लोणच्यातलं पोटात गेलं. मीठ कमी करणं बरोबरच होतं, एकदम केलं ते चुकलं.

मिठाने बीपी का वाढतो?
मिठातलं सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतं. रक्तवाहिन्यांत ऐवज वाढतो आणि दाब चढतो. पाइपलाइनमध्ये पाणी जास्त सोडल्यावर होतं तसंच. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही. यात भाजी, भाकरी, लोणचं, फरसाण सगळं आलं.

पुड्याचा हिशोब
घरात पाच मोठी माणसं असतील तर दिवसाला 25 ग्रॅम, म्हणजे एक किलोचा पुडा 40 दिवस पुरला पाहिजे. आमचा पुडा 25 दिवसांत संपायचा. म्हणजे माणशी 8 ग्रॅम, बाहेरचं खाणं वेगळंच. पुडा फोडला की त्यावर तारीख लिहा. पुढचा पुडा 30 दिवस, मग 35, मग 40 असा पुरवा. घरात लहान मुलं असतील तर पुडा आणखी जास्त दिवस जायला हवा.

टप्प्याटप्प्याने काय करायचं?
पहिले दोन आठवडे : ताटात वरून मीठ घेणं बंद. मिठाची वाटी जेवताना समोर ठेवूच नका.
पुढचे दोन आठवडे : भाकरीच्या पिठात आणि भातात मीठ टाकू नका. सोबत आमटी-भाजी असते, फरक फारसा कळत नाही.
दुसरा महिना : लोणचं, पापड, खारवलेली मिरची, शेव-फरसाण, खारी आठवड्यातून एक-दोनदाच. पापडखार आणि खाण्याच्या सोड्यातही सोडियम असतं.
तिसरा महिना : आमटी-भाजीतलं मीठ दर आठवड्याला चिमूटभर कमी करा. लिंबू, चिंच, आमसूल, लसूण, जिरं, कोथिंबीर वाढवा. काही आठवड्यांत जिभेला सवय होते, मग आधीची भाजी खारट लागते.

शेतातलंच औषध
1997 साली अमेरिकेत डॅश नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भाज्या, फळं आणि कमी चरबीचं दूध-दही वाढवल्यावर मीठ तेवढंच ठेवूनही बीपी उतरला. त्यासाठी महागडं काही आणायला नको. मेथी, पालक, शेवगा, मटकी, चवळी, केळी, पेरू आणि बिनमिठाचं ताक आपल्याकडे आहेच. यातलं पोटॅशियम सोडियमला उतारा देतं. तेल-तूप हात राखून वापरा. दारू आणि तंबाखू सोडाच.

इथे सावध राहा
सैंधव, काळं मीठ, खडे मीठ यांतही सोडियम असतंच, ते जास्त खाल्लं तर फायदा नाही. घरात आयोडीनयुक्त मीठच ठेवा. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी केळी-पालेभाज्याही विचारूनच वाढवाव्यात.

“आम्ही उन्हात घाम गाळतो, मीठ लागतंच,” असं बरेच जण म्हणतात. रोजच्या जेवणातलं मीठ साधारणपणे पुरतं, पाणी भरपूर प्या. जुलाब, उलट्या झाल्या किंवा ऊन लागलं तर ओआरएस घ्या आणि दवाखाना गाठा.

बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. अर्धा तास आधी चहा, तंबाखू नको. वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा त्याहून जास्त भरला तर डॉक्टरांना भेटा.

चार महिन्यांनी वडिलांचा बीपी 138/86 आला. गोळी चालू आहे. कमी करायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. पुडा आता 38 दिवस पुरतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने आशाताईंना विचारून उपकेंद्रात बीपी मोजून घ्यावा, तिथे पैसे पडत नाहीत.