तरुण पाळकांना बायबल काय सांगतं? तीमथ्य आणि तीताच्या पत्रांची गोष्ट

मंडळीत वयानं लहान, पण जबाबदारीनं मोठा. समोर बसलेले बरेच जण वडिलांच्या किंवा आजोबांच्या वयाचे. अशा वेळी तरुण पाळकानं बोलायचं कसं, चूक दाखवायची कशी आणि पैशाच्या व्यवहारात वागायचं कसं? हे प्रश्न ख्रिस्ती मंडळ्यांना अगदी सुरुवातीपासून पडलेले आहेत. बायबलमधली तीन छोटी पत्रं याच प्रश्नांवर बोलतात.

ही पत्रं कोणती?

नव्या करारात २७ पुस्तकं आहेत. त्यातली पहिलं तीमथ्य, दुसरं तीमथ्य आणि तीत ही तीन पत्रं मिळून फक्त १३ अध्याय होतात. मंडळीची काळजी घेणाऱ्यांसाठी ती असल्यानं १८व्या शतकापासून त्यांना 'पाळकीय पत्रं' म्हटलं जाऊ लागलं. पाळक हा शब्दही मेंढपाळाच्या कामावरूनच आलेला आहे.

तीमथ्य आणि तीत कोण होते?

दोघंही प्रेषित पौलाचे तरुण सहकारी. तीमथ्य आजच्या तुर्कस्तानातल्या लुस्त्र भागातला. त्याची आई यहुदी होती, तर वडील ग्रीक. आई युनीके आणि आजी लोईस यांच्याकडून त्याला विश्वासाचा वारसा मिळाल्याचा उल्लेख पत्रात आहे. त्याच्यावर इफिस शहरातल्या मंडळीची जबाबदारी होती. तीताला क्रेत बेटावर गावोगावी वडील, म्हणजे मंडळीचे पुढारी नेमायचे होते.

ही पत्रं खुद्द पौलानं लिहिली का, यावर मात्र एकमत नाही. परंपरेनुसार ती पौलाचीच आहेत. १८०७ मध्ये जर्मन अभ्यासक फ्रीडरिश श्लायरमाखर यांनी पहिल्या तीमथ्याच्या पत्राबद्दल शंका उपस्थित केली. पौलानंतर त्याच्या एखाद्या अनुयायानं ही पत्रं लिहिली असावीत, असं आज अनेक अभ्यासकांना वाटतं. काही अभ्यासक अजूनही परंपरेच्या बाजूनं आहेत.

'तरुण आहेस म्हणून...' या वचनाचा पुढचा भाग

पहिलं तीमथ्य ४:१२ हे वचन युवक शिबिरांमध्ये आणि सोशल मीडियावर खूप वापरलं जातं. तुझ्या तरुणपणामुळे तुला कुणी कमी लेखू नये, असा त्याचा आशय आहे. पण वचन तिथे संपत नाही. बोलणं, वागणं, प्रेम, विश्वास आणि शुद्धता या पाच बाबतींत तू इतरांपुढे उदाहरण हो, असं ते पुढे सांगतं. म्हणजे वयाची ढाल करून अधिकार गाजवायची ही परवानगी नाही. मान मागून मिळत नाही, तो वागण्यातून कमवावा लागतो.

पुढाऱ्याकडे काय हवं?

तिसऱ्या अध्यायात पात्रतेची यादी आहे. संयम, पाहुणचार, घर नीट सांभाळणं, दारूच्या आहारी नसणं, भांडखोर नसणं, पैशाचा लोभ नसणं आणि बाहेरच्या लोकांतही चांगलं नाव असणं. या यादीत कौशल्य म्हणावं असं मुख्यतः एकच आहे, ते म्हणजे शिकवता येणं. बाकी जवळपास सगळं चारित्र्याबद्दल आहे. नवख्या विश्वासणाऱ्याला हे पद देऊ नये, असंही म्हटलं आहे, कारण त्याच्या डोक्यात हवा जाण्याचा धोका असतो. कुणावर हात ठेवून त्याला घाईनं सेवेसाठी नेमू नको, हा इशारा पाचव्या अध्यायात येतो.

रोजच्या वागण्याबद्दलही स्पष्ट सूचना आहेत. वयस्कर माणसाला वडिलांसारखं समजवावं, खडसावू नये. तरुण स्त्रियांशी बहिणीसारखं, पूर्ण शुद्धतेनं वागावं.

पुढाऱ्याविरुद्ध तक्रार आली तर?

वडिलांविरुद्धचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय स्वीकारू नये, असं ५:१९ सांगतं. खोट्या आरोपांपासून संरक्षण, हा त्याचा हेतू मानला जातो. पण तक्रार दाबण्यासाठी फक्त हेच वचन पुढे केलं, तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होतं. लगेच पुढच्या वचनात, पाप करत राहणाऱ्यांना सगळ्यांसमोर दोष दाखवायला सांगितलं आहे. त्यानंतर पक्षपात करू नको, अशी ताकीद आहे.

भारतात कायद्याची बाजूही आहेच. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार, मुलांवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्यानं ती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. पाळक किंवा धर्मगुरू याला अपवाद नाहीत.

वाद कशावर आहे?

स्त्रीनं शिकवू नये, असं म्हणणारं २:१२ हे सर्वांत वादग्रस्त वचन. काही मंडळ्या तो कायमचा नियम मानतात. इफिसमधल्या तेव्हाच्या परिस्थितीपुरती ती सूचना होती, असं इतर काहींचं म्हणणं आहे. कॅथलिक चर्चमध्ये स्त्रियांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळत नाही, त्यामागे इतरही कारणं दिली जातात. १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात मात्र स्त्रिया पाळक होऊ शकतात. चर्च ऑफ साऊथ इंडियाला २०१३ मध्ये पहिल्या महिला बिशप मिळाल्या.

शेवटचं पत्र

दुसऱ्या तीमथ्याच्या पत्रात पौल साखळदंडात आहे, मृत्यू जवळ आल्याची त्याला जाणीव आहे. त्रोवस इथे राहिलेला झगा आणि पुस्तकं घेऊन हिवाळ्याआधी ये, असं तो तीमथ्याला सांगतो. याच पत्रात एक महत्त्वाची सूचना आहे: माझ्याकडून जे ऐकलंस ते विश्वासू माणसांकडे सोपव, म्हणजे ते इतरांना शिकवतील. पौल, तीमथ्य, ती विश्वासू माणसं आणि त्यांच्याकडून शिकणारे, अशा चार पिढ्या या एका वाक्यात येतात. तरुणाला जबाबदारी द्यायची, ती पारखून द्यायची, आणि त्यानंही ती एक दिवस दुसऱ्याच्या हाती सोपवायची, असा या पत्रांचा आग्रह आहे.