स्पेनच्या गृहयुद्धात लढलेले नागपूरचे 'जॉन स्मिथ' कोण होते?

१९३६ मध्ये जनरल फ्रँको यांच्या बंडामुळे स्पेनमध्ये गृहयुद्ध पेटलं. लोकनियुक्त सरकारच्या बाजूने लढायला अनेक देशांतून स्वयंसेवक आले. त्यांच्यातलीच एक पायदळ तुकडी म्हणजे ब्रिटिश बटालियन. तिला मुंबईत जन्मलेले ब्रिटिश खासदार शापूरजी सकलातवाला यांचं नाव दिलं होतं. फेब्रुवारी १९३७ मध्ये हारामाच्या लढाईत पहिल्याच दिवशी तिने सुमारे ६०० पैकी निम्म्याहून जास्त सैनिक गमावले.

याच बटालियनमध्ये गोपाळ मुकुंद हुद्दार 'जॉन स्मिथ' या नावाने लढले. ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह. एप्रिल १९३८ मध्ये ते पकडले गेले, सान पेद्रो दे कार्देन्याच्या तुरुंगात राहिले. त्याच वर्षी सुटून भारतात परतले आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले.